पिशवीतली वॉरंटी: जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटचं प्रकरण

2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. जुळे सोलापुरात बारा फ्लॅटच्या एका इमारतीत शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला निघाला होता. विकणारे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यावर मुलाने पुण्याला चला म्हणून धोशा लावलेला. घेणारी ताई शाळेचे गणवेश शिवून देते, घरातच आठ मशिनी, नवरा पतसंस्थेत. दोघांचं आयुष्यातलं पहिलं घर. भाव 41 लाख ठरला होता, त्यातले 28 लाख बँकेचं कर्ज. विसार देऊन झाला होता, साठेखत व्हायचं होतं. मी सिव्हिल इंजिनिअर. साठेखताआधी एकदा घर बघून द्या, एवढंच ताईने मला सांगितलं होतं.

मी भिंतीवर हात फिरवत होतो तेवढ्यात एजंट म्हणाला, "अवो साहेब, भिंती काय बघताय? सगळं वॉरंटीत हाय की! रेराची पाच वर्षं, परत सोलर हाय, बॅटरी हाय, सगळ्याची कार्डं हायत." गुरुजींनी आतून चादरीच्या दुकानाची एक जाड पिशवी आणली आणि टीपॉयवर रिकामी केली. पाणी तापवायच्या सोलरचं कार्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बिल, पाण्याच्या फिल्टरचं पुस्तक, किचनच्या चिमणीचं कार्ड, बँकेने कर्जाच्या वेळी काढायला लावलेली घराची विमा पॉलिसी, आणि बिल्डरबरोबरच्या करारनाम्याची झेरॉक्स. ताईचा चेहरा उजळला. तिने कागद एकावर एक नीट लावले आणि म्हणाली, "काका, हे सगळं आमच्या नावावर होईल ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला अडीच महिने लागले. त्या पिशवीत सहा वेगवेगळ्या लोकांनी दिलेली सहा वेगवेगळी वचनं होती. प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येक वचन वेगळ्या नावाने दिलेलं, आणि प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या अटी वेगळ्या.

पाच वर्षं कधीपासून?

सगळ्यात मोठं वचन रेराचं, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचं. त्याच्या कलम 14 च्या पोटकलम 3 प्रमाणे इमारतीच्या ढाच्यात, कारागिरीत, मालाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींत दोष निघाला आणि तो ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता तो दुरुस्त करून द्यायचा. न केल्यास घरमालकाला भरपाई मागता येते. हक्क फक्त पहिल्या मालकाचा नाही. कायद्यातली 'वाटपग्राही'ची, म्हणजे घर मिळणाऱ्याची, व्याख्या अशी आहे की पुढे खरेदीने किंवा हस्तांतरणाने ज्याच्याकडे घर येतं, तोही त्यात बसतो. भाडेकरू बसत नाही.

इथपर्यंत एजंटचं बरोबर होतं. चूक होती ती पुढच्या वाक्यात. "ताईंनी घेतल्यापासून पाच वर्षं," असं तो सरळ सांगून मोकळा झाला होता. पुनर्विक्रीत घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. बिल्डरने गुरुजींच्या हातात किल्ली दिली त्या दिवशी ते सुरू झालं, आणि मालक बदलला तरी ते चालूच राहतं.

मग तो दिवस कोणता? गुरुजी म्हणाले, "दसऱ्याला राहायला आलो." पण राहायला येणं आणि ताबा घेणं या दोन गोष्टी आहेत. करारनाम्यावर ताब्याची अंदाजे तारीख असते, खरी नसते. भोगवटा प्रमाणपत्राची तारीख आणखी निराळी. ताबा पावती पिशवीत नव्हती. शेवटी पुण्याच्या मुलाने बँकेला पाठवलेल्या जुन्या ईमेलमध्ये ती स्कॅन केलेली सापडली: 22 ऑगस्ट 2020. म्हणजे आमच्या हातात जेमतेम सहा महिने होते. तो एक कागद सापडला नसता तर पुढचं सगळं वादात गेलं असतं, म्हणून ताबा पावतीला मी घराच्या किल्लीइतकंच जपायला सांगतो.

सोलापुरात छोट्या इमारती पुष्कळ आहेत, म्हणून इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरात नोंदणी लागत नाही. अशा ठिकाणी 1963 चा महाराष्ट्राचा मालकी सदनिका कायदा बघावा लागतो, आणि त्यातली दोषदुरुस्तीची मुदत ताब्यापासून तीन वर्षांची आहे. मालकाने स्वतः बांधून घेतलेलं रो-हाऊस किंवा बंगली विकत घेत असाल तर तिथे बिल्डरच नाही; गवंड्याचं वचन मालकापाशी, तेही बहुतेक तोंडी. आमच्या इमारतीत बारा फ्लॅट होते आणि रेरा नोंदणी क्रमांक होता, म्हणून पाच वर्षं धरता आली.

पेन्सिलीच्या रेघा

फेब्रुवारी ते मे सोलापुरातलं प्रत्येक छत कोरडं असतं. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. त्यामुळे उन्हाळ्यात घर घेणाऱ्याला छत काही सांगत नाही, आणि विकणाऱ्याने दिवाळीला रंग काढला असेल तर भिंतही काही सांगत नाही. गुरुजींनी काढला होता.

पण मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, छत आणि भिंत मिळतात तिथे, रंगाखाली पिठासारखं पांढरं काहीतरी बोटाला लागलं. लोणा. पाणी गिलाव्यातून येऊन वाळतं तेव्हा क्षार मागे ठेवून जातं. वरून रंग दिला तरी तो क्षार काही महिन्यांत रंग उचलतो. त्याच बेडरूमच्या दुसऱ्या भिंतीला, बाथरूमच्या बाजूने, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत पोपडे सुटायला लागले होते. हॉलमध्ये खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर केसाएवढी उभी भेग होती.

भेगेच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. क्षाराच्या डागाभोवतीही गोल काढला. भेग रेघ ओलांडून पुढे गेली तर ती जिवंत; नाही गेली तर गिलाव्यापुरती. सांध्यावर गिलाव्याखाली जाळी मारायची राहिली की अशी भेग पडते, आणि इमारत काळ्या मातीवर असली तर लोक उगाच पायाला घाबरतात. पाया हलला की भेग साधारण तिरपी जाते, खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, रुंदावते, दारं अडकायला लागतात. इथे यातलं काही नव्हतं.

मी गुरुजींना सरळ विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "2023 च्या गणपतीत पहिल्यांदा ओल आली. बिल्डरकडे दोनदा गेलो. माणूस पाठवतो म्हणाले. नंतर ही आजारी पडली, मग सगळंच राहिलं." लेखी काही दिलं होतं का? नव्हतं.

या माणसाने काही लपवलं असं मला वाटत नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण कायदा याहून कडक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55: मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साध्या काळजीने त्याला सापडणारा नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. रंगाखालची ओल यात मोडते. मी हे गुरुजींना समजावलं तेव्हा त्यांना बरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "पोरीला फसवायचं नव्हतं हो मला." म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं. मी आजवर बघितलेल्या बहुतेक व्यवहारांत विकणारा याच जागी चिडतो आणि दुसरं गिऱ्हाईक बघतो.

पत्र, आणि बिल्डरचं उत्तर

3 मार्चला बिल्डरला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र गेलं. ते गुरुजींच्या नावाने पाठवलं, कारण त्या दिवशी मालक तेच होते. एक प्रत सोसायटीच्या चेअरमनांनाही दिली, कारण गच्ची सामाईक आहे आणि तिच्या दुरुस्तीला सोसायटीचं पत्र असलेलं बरं. पत्रात ताब्याची तारीख, दोषांची नोंद, फोटो आणि कलम 14 (3) चा उल्लेख. तीस दिवसांची मुदत. विशेषणं एकही नाही.

पाच वर्षांच्या आत दोष लेखी कळवला गेला, की तो ऑगस्टनंतरही बिल्डरच्या खात्यावर राहतो. कामाला उशीर झाला तरी मुदत सुटत नाही. तोंडी सांगितलेलं कितीही खरं असलं तरी ते सिद्ध कसं करणार?

उत्तर दोन आठवड्यांनी आलं आणि त्यात दोन हरकती होत्या. पहिली: करारनाम्यात लिहिलंय की आमच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, संडास, पाइप यांत बदल केल्यास दोषदायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी, संपुष्टात येईल, तुम्ही 2022 मध्ये बाथरूम फोडलं. दुसरी: गच्चीवर सोलर आणि डिश बसवताना तुम्हीच कोबा फोडला.

पहिली हरकत अर्धी खरी होती. पत्नीसाठी गुरुजींनी भारतीय बैठकीचा संडास काढून कमोड बसवला होता. त्या वेळी नाहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतून पाणी जायचं तोंड, हलवला, खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं असणार. हे कलम महाराष्ट्रातल्या बऱ्याच करारनाम्यांत असतं आणि विकत घेताना ते कुणी वाचत नाही. पण बाथरूम फोडल्याने छत कसं गळेल? कुठलं पाणी कुठून येतं, हे वेगवेगळं दाखवायला हवं होतं. म्हणून चाचणी.

गच्चीवरचं घमेलं

चाचणी 21 ते 23 मार्च. बिल्डरचा साइट इंजिनिअर समोर असल्याशिवाय ती करायची नाही असा माझा हट्ट होता, आणि तो आला.

बेडरूमच्या वरच्या गच्चीच्या भागाला सिमेंटचा वीतभर बांध घातला. पाण्याची अडचण होतीच; आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे चाचणीसाठी टँकर मागवावा लागला, आणि इमारतीतल्या बायकांनी "गच्चीवर ओतायला टँकर?" म्हणून आम्हाला बरंच सुनावलं. त्यांचं चुकलं नव्हतं. दोन इंच पाणी उभं केलं. पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, पातळीची खूण केली. आणि शेजारी उन्हातच पाण्याने भरलेलं एक घमेलं ठेवलं, त्यावरही खूण.

हे घमेलं महत्त्वाचं. मार्चमध्ये सोलापूरच्या उन्हात पाणी नुसतं उडूनही जातं. दोन दिवसांनी गच्चीवरची पातळी उतरली की बिल्डरचा माणूस म्हणणार, "वाफ झाली." घमेल्यात उतरलं तेवढं उन्हाचं, त्याहून जास्त गच्चीवर उतरलं तर ते पाणी स्लॅबमध्ये गेलं. अठ्ठेचाळीस तासांनी गच्चीवरची पातळी घमेल्याच्या दुपटीने खाली गेली होती. खाली बेडरूममध्ये पेन्सिलीच्या गोलाच्या आत रंग गडद झाला होता आणि गोलाबाहेरही चार बोटं पसरला होता.

पाणी जात होतं ते पावसाच्या पाइपच्या तोंडापाशी. तिथे कोबा आणि पॅरापेट यांच्यामधला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, पाइपभोवती नीट भरलेलीच नव्हती. स्क्रू ड्रायव्हर आत सहज जात होता. सोलरचं स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसतं टेकलेलं होतं, कोब्याला एक भोक नाही. डिशसाठी भोकं पाडली होती खरी, पण ती शेजारच्या फ्लॅटची, बांधाच्या पलीकडे. साइट इंजिनिअरने स्वतः मोबाइलमध्ये फोटो घेतले. तरुण मुलगा होता. वाट्यात बोट घालून तो हळूच म्हणाला, "सर, हे आमचंच आहे."

बाथरूमची चाचणी वेगळी. नाहाणीला चिंधीचा बोळा घट्ट बसवून दोन बोटं पाणी साठवलं आणि त्यात लाल रंग घातला. रंगपंचमी दोनच दिवसांपूर्वी झाली होती, तळमजल्यावरच्या पोरांकडे पुड्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी हाक मारली. त्यांच्या बाथरूमच्या छतावर गुलाबी थेंब धरला होता. हा दोष गुरुजींच्या 2022 च्या कामाचा. यात बिल्डरला ओढायचं नाही, हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. त्यामुळेच पुढे गच्चीबद्दल त्याने फार ओढाताण केली नाही, असं मला वाटतं.

बाकीची कार्डं

उपकरणांचं लवकर आटोपतो. बॅटरीची मुदत संपलेली. चिमणीच्या कार्डावर दुकानदाराचा शिक्का नव्हता आणि बिलही हरवलेलं, म्हणजे तो नुसता पुठ्ठा. सोलरच्या टाकीची मुदत शिल्लक होती. कंपनीला फोन करून टाकीवरचा सिरियल नंबर दिला, बिलाची प्रत आणि मालक बदलल्याचं पत्र पाठवलं, आणि नाव बदलून मिळालं. पण त्याच कार्डाच्या मागे लिहिलं होतं की जड पाण्याने क्षार बसून झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. इमारतीत बोअरचं पाणी टाकीत चढतं. ताईला मी सोलरकडे नळाचं पाणी जाईल अशी जोडणी करून घ्यायला सांगितली.

विमा पॉलिसीला घरातले सगळे वॉरंटी समजत होते. तसं समजणारे अनेक लोक भेटतात. आग, पूर, भूकंप, वीज यांनी घराचं नुकसान झालं तर विमा. गळका वाटा, झिजलेला पाइप, वाईट कारागिरी यांच्याशी त्याचा संबंध नाही. एप्रिल 2021 पासून सर्व कंपन्यांना जी प्रमाणित 'भारत गृह रक्षा' पॉलिसी द्यावी लागते, तिच्यातही हेच.

मध्येच गुरुजींच्या अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. तिकडे घर विकताना विकणारा घेणाऱ्याला वर्षभराची 'होम वॉरंटी' काढून देतो, मामा तुम्हीही द्या. तसं तिकडे बऱ्याचदा होतं. तिकडे कंपन्या वर्षाची फी घेतात आणि गरम पाण्याची टाकी, एसी, वायरिंग, नळकाम बिघडलं तर कारागीर पाठवतात. प्रत्येक खेपेला मालकाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. पण करार करण्याआधीचा बिघाड सहसा त्यात धरत नाहीत, आणि भिंती, छत, पाया हेही सहसा त्यात येत नाही. ताईला अडचण होती ती नेमकी छताची, आणि तीही आधीपासूनची.

खरेदीखत

बाथरूम गुरुजींनी स्वतःच्या खर्चाने व्यवहाराआधीच दुरुस्त करून दिलं. फरशी उचलून नवीन वॉटरप्रूफिंग, पुन्हा लाल पाणी, आणि खालच्या आजींची खात्री. कंत्राटदाराकडून पाच वर्षांची लेखी हमी ताईच्या नावाने लिहून घेतली. गुरुजींच्या नावाने घेतली असती तर दोन महिन्यांत तिचा अर्थ उरला नसता.

गच्चीचं काम तीस दिवसांत झालं नाही. दुसरं पत्र गेलं, त्यात महारेराकडे, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, तक्रार करण्याचा उल्लेख होता. मग मे महिन्यात काम करू असं लेखी आलं. पण बँकेची मुदत थांबत नव्हती. ताई म्हणाली 60,000 रुपये मागे ठेवू, काम झाल्यावर देऊ. बँकेच्या वकिलांनी ते अडवलं, आणि त्यांचं बरोबर होतं: खरेदीखतात पूर्ण मोबदला मिळाला असं असावं लागतं, नाहीतर राहिलेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा घरावर राहतो. म्हणून पूर्ण रक्कम दिली गेली, आणि त्याच दिवशी 500 रुपयांच्या स्टॅम्पवर वेगळा करार करून गुरुजींनी 60,000 रुपये दोघांच्या विश्वासातल्या वकीलबाईंकडे ठेवले. 31 ऑक्टोबरपर्यंत गोलातली जागा कोरडी राहिली तर गुरुजींना परत. नाहीतर ताईला दुरुस्तीसाठी.

खरेदीखतात एक परिच्छेद मी आग्रहाने घालायला लावला. ताब्याची मूळ तारीख, 3 मार्चचं पत्र, चाचणीची नोंद, आणि बांधकामातल्या दोषांबाबतचे बिल्डरविरुद्धचे सगळे हक्क आता खरेदीदाराकडे. कायदा तो हक्क देतोच, पण तो कुठल्या पत्रावर उभा आहे हे त्याच दस्तात असलं की पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. बिल्डरलाही मालक बदलल्याचं पत्र गेलं.

नोंदणी 29 एप्रिलला झाली. दुसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, ताईने दूध उतू घातलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बिल्डरची माणसं आली. पाइपभोवतीचा कोबा तोडला, वाटा नव्याने भरला, पुन्हा पाणी उभं करून दाखवलं. त्या वर्षीचा सप्टेंबर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सीनेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली. त्या पावसात रोज सकाळी ताई मला बेडरूमच्या कोपऱ्याचा फोटो पाठवत होती. गोल होता, तारीख होती, रंग बदलला नव्हता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वकीलबाईंनी गुरुजींच्या खात्यावर पैसे पाठवले.

हॉलमधली भेगही रेघेच्या आतच आहे. तिथे रंग काढू का, असं ताईने परवा विचारलं. अजून एक पावसाळा जाऊ दे म्हणालो.